एकोणीस सालचा थर

साठी उलटलेल्या बायकांना एवढा भाव याआधी कधी आला नव्हता. २०६८ च्या उन्हाळ्यात एटापल्ली, भामरागड, धानोरा अशा तालुक्यांतून आरोग्य खात्याच्या गाड्या फिरत होत्या आणि म्हाताऱ्या शोधत होत्या. ज्यांना घरात कोणी 'जेवलीस का' म्हणून विचारत नव्हतं, त्यांच्या ओसरीवर शहरातले डॉक्टर चपला काढून मांडी घालून बसत होते. एका आजीनं तर 'आधी माझी बकरी काहून लंगडते ते बघा, मग सुई टोचा' अशी अट घातली, आणि दोन एम.डी. डॉक्टरांनी मुकाट्यानं बकरीचा पाय तपासला.

कारण असं होतं की, हिवताप परत आला होता. जनुकं बदललेले डास सोडून तीस-बत्तीस वर्षांपूर्वी त्याचा नायनाट केला, असं सगळे धरून चालले होते. शाळेच्या पुस्तकातून त्याचा धडासुद्धा काढून टाकला होता. २०६१ मध्ये तो परतला तो जुन्या सगळ्या गोळ्यांना पुरून उरणारा होऊन. पुरुषांसाठी आणि मुलांसाठी लस होती, ती बऱ्यापैकी चालायचीही. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र ती हात टेकायची, कारण गरोदर बाईच्या शरीरात या तापाला लपायला एक जागा असते आणि ती दुसऱ्या कोणाच्याही शरीरात नसते.

गर्भाला आईशी जोडणारी मांसल चकती म्हणजे वार. वारेच्या आत एक विशिष्ट शर्करा असते. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की त्या पेशीच्या अंगावर बारीक आकडे काढतो, कुठेतरी अडकून बसता यावं म्हणून. बाई गरोदर असली की यातल्या काहींना नेमके वारेतल्या शर्करेत रुतणारे आकडे फुटतात. मग ते रक्तातून हिंडायचं सोडतात आणि वारेत ठाण मांडतात. बोटाला सुई टोचून रक्त तपासलं तर सापडत नाहीत. इकडे आई पांढरीफटक पडत जाते, बाळाची वाढ खुंटते. पहिलटकरणीचे हाल सर्वांत जास्त, कारण तिच्या शरीरानं हे आकडे पूर्वी पाहिलेलेच नसतात. ती त्यातून वाचली तर आकडे बोथट करणारी प्रतिपिंडं तिच्या रक्तात तयार होतात, आणि ती कशी बनवायची हे लक्षात ठेवणाऱ्या पेशी तिच्या म्हातारपणापर्यंत टिकतात. पुरुषाच्या रक्तात त्या नसतात. जिच्या पोटात कधी गर्भ राहिला नाही, तिच्याही नसतात.

शास्त्रज्ञांनी या आठवणीला गर्भस्मृती असं नाव दिलं होतं. मधली वीस-पंचवीस वर्षं तापच नव्हता, त्यामुळे तरुण बायकांपैकी एकीच्याही रक्तात गर्भस्मृती नव्हती. होती ती फक्त म्हाताऱ्यांच्या. त्यांच्या रक्तातल्या त्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या, की तीन दिवसांत एका गरोदर बाईला पुरेल एवढं सीरम तयार व्हायचं. म्हणून बकरीचा पाय.

प्रणिताबाई मोहुर्ले यांच्या दारात ही गाडी तीनदा येऊन गेली होती. वय शहात्तर, एटापल्ली तालुक्यातल्या एका उपकेंद्रात अकरा वर्षं नर्स, तिथंच पहिलं बाळंतपण, तेही भर हिवतापात. यादीत त्यांचं नाव सर्वांत वर असल्यास नवल नव्हतं. पहिल्या वेळी त्यांनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं. दुसऱ्या वेळी त्या आरमोरीला माहेरी निघून गेल्या. तिसऱ्या वेळी न्हाणीघरात जाऊन बसल्या आणि गाडीचा आवाज दूर जाईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहिल्या. जन्मभर दुसऱ्यांना टोचलेली बाई सुईला भिते म्हणून त्यांची मुलगी शर्वरी हसायची.

सुईची भीती कसली! भीती होती ती कोऱ्या निकालाची. प्रणिताबाईंच्या पोटात कधी गर्भ राहिलाच नव्हता.

लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल नव्हतं, आणि चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी 'आशा धरू नका' असं तोंडावर सांगितलं होतं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये गावातली कुम्मे पुंगाटी उपकेंद्रात बाळंत झाली. पहिलटकरीण, एकोणीस वर्षांची. सहाव्या महिन्यापासून तिला धाप लागत होती. प्रणिताबाईंनी तिच्या बोटाचं रक्त दोनदा तपासलं, दोन्हीदा 'ताप नाही' असं आलं. प्रशिक्षणात शिकवलं होतं की 'नाही' म्हणजे नाही, म्हणून त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि भाजीपाला खा म्हणून सांगितलं. बाळंत होताना कुम्मेचं जे थोडंफार रक्त गेलं, तेवढंही तिच्यापाशी शिल्लक नव्हतं. ती गेल्यावर तालुक्याच्या डॉक्टरांनी वारेची काचपट्टी करायला लावली. सूक्ष्मदर्शकाखाली ती परजीवींनी खच्चून भरलेली निघाली.

कुम्मेच्या नवऱ्यानं दीड किलोच्या त्या मुलीकडे एकदा पाहिलं. "सिस्टर, तुमीच ठेवा," एवढंच बोलला, आणि मिरची तोडायला तेलंगणात गेला तो गेलाच. मग प्रणिताबाईंनी नोंदवहीत कुम्मेच्या नावापुढे 'माता व बालक मृत' असं लिहिलं. खालच्या ओळीत स्वतःचं बाळंतपण लिहिलं, वजन लिहिलं, आणि शंका येऊ नये म्हणून कुम्मेच्या वारेची काचपट्टीही स्वतःच्या नावावर चढवली. नवरा आश्रमशाळेत मास्तर होता. तो वर्षभरानं बदली घेऊन आला आणि गप्प राहिला, शेवटपर्यंत. कागद इतका चोख झाला होता की पुढं तो कोणी उलटून पाहिला नाही.

आता मात्र पाहणार होते. शर्वरीची मुलगी नीरजा, वय तेवीस, सव्वीस आठवड्यांची गरोदर, नागपूरच्या सरकारी रुग्णालयात पडून होती. ताप वारेत शिरला होता. हिमोग्लोबिन पाचावर आलं होतं, वरून दिलेलं रक्त टिकत नव्हतं.

"आई, आता पुरे झाले तुझे नखरे," शर्वरी गाडी घेऊन दारात उभी राहिली. ती गडचिरोलीच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि घरातही वर्गातल्यासारखी बोलायची. "चौथ्यांदा न्हाणीत लपलीस ना, तर दार तोडीन."

"लपते कोण वं? चल, येतोच आहे ना मी," प्रणिताबाई म्हणाल्या आणि लुगड्यांचे दोन जोड पिशवीत टाकून निघाल्या. नाही म्हटलं असतं तरी शंका आलीच असती. शिवाय, काहीही झालं तरी नात होती.

डॉ. मृण्मय पाठारे पस्तिशीचे असतील. गर्भस्मृती वाचणाऱ्या यंत्रावर त्यांची पीएच.डी. होती आणि ते यंत्राबद्दल आपल्या पोराबद्दल बोलावं तसं बोलायचे.

"आजी, नर्स होता ना तुम्ही? मग तुम्हाला फार समजवायला नको."

"मी बोटाला टोचणारी नर्स, डॉक्टर. मले तुमचं हे नवीन काही समजत नाही. एक सांगा, एखादीचं रक्त विसरत नाही का? पन्नास वर्षं म्हणजे काही थोडीथोडकी नाहीत."

"फिकं होतं. पुसलं जात नाही. आम्ही अठराशे बायका तपासल्या, एकही विसरलेली सापडली नाही."

"आणि एखादीचं कोरंच निघालं तर?"

"तर तिला त्या दिवसांत हिवताप झाला नव्हता, किंवा ती गरोदरच नव्हती." डॉक्टर हसले. "तुमच्या बाबतीत दोन्हीचे पुरावे आहेत. काचपट्टीसकट."

प्रणिताबाईंनी हात पुढे केला. रक्त नळीत चढताना त्या दुसरीकडे बघत राहिल्या, आणि शर्वरीला वाटलं, खरंच भिते ही.

निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी आला. डॉक्टरांच्या खोलीत शर्वरी खुर्चीच्या टोकावर बसली होती. प्रणिताबाई मात्र भिंतीला टेकून, रात्रभर जुळवलेली वाक्यं मनात घोकत होत्या: तपासणीचं किट खराब असेल, वय झालं, ताप अंगात मुरला नसेल.

"गर्भस्मृती आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि चांगली ठसठशीत आहे."

प्रणिताबाईंची सगळी वाक्यं वाया गेली. "नमुना बदलला असेल," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"तीनदा तपासलाय. बदललेला नाही. पण घोटाळा दुसराच आहे."

त्यांनी पडद्यावर एक आडवी पट्टी दाखवली. हिवतापाचे आकडे दर दोन-तीन वर्षांनी आपला आकार, आपला घाट बदलतात, त्यांनी समजावलं, आणि ज्या साली बाईला ताप आला त्या सालचा घाट तिच्या रक्तात थर होऊन बसतो. प्रत्येक तापातल्या गरोदरपणाचा एक वेगळा थर. परतलेल्या तापातही असे जुने घाट सरमिसळ सापडत होते. नीरजाच्या वारेत शिरलेला परजीवी २०१९ च्या घाटाचा होता.

"यंत्र सांगतं, आजींचा थर एकोणीसचा आहे. म्हणजे नेमका आपल्याला हवा तो. पण तुमचा जन्म एकवीसचा," डॉक्टर शर्वरीकडे वळले. "वारेची काचपट्टी एकवीसची. अख्ख्या जिल्ह्यात एवढी चोख नोंद दुसरी नाही. तेव्हा यंत्रच दोन वर्षांनी चुकतंय, असं धरावं लागतं."

"धरा ना चुकलं तर चुकलं," शर्वरी म्हणाली. "सीरम तर द्या."

"तेच देता येत नाही. ओडिशात एकदा घाट न जुळलेलं सीरम दिलं गेलं, तर वार सुजून आई दगावली. तेव्हापासून नियम आहे. कागद आणि रक्त दोन्ही एकच साल सांगत नसतील, तर त्या बाईचं रक्त वापरायचं नाही. एकोणीसचा थर असलेली दुसरी बाई कोरापुटला सापडली आहे. तिचं सीरम इथं पोचायला आठ दिवस लागतील."

"आणि नीरजापाशी किती दिवस आहेत?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "चार. फार तर पाच."

प्रणिताबाईंना हे सगळं ऐकू येत होतं, पण त्यांचं मन एकवीसच्याही दोन वर्षं मागं जाऊन थांबलं होतं. एकोणीस साल. नवरा तेव्हा दूरच्या आश्रमशाळेत होता, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. पाळी त्यांची कधी वेळेवर नसायची, तीन-तीन महिने यायची नाही, आणि गावातल्या पोरीबाळींची गरोदरपणाची चाचणी करणाऱ्या या बाईनं स्वतःची कधी केली नाही, कारण डॉक्टरीणबाईंनी आशा धरू नका म्हटलं होतं. सप्टेंबरात ताप आला आणि डोक्यात चढला. पाच दिवस त्यांना शुद्ध नव्हती. नंतर कळलं की अंगावरून खूप गेलं, गाठी गेल्या. त्यांनी ते तापाच्या खाती टाकलं. त्या पाच दिवसांत त्यांचं अंग पुसायला आणि कपडे नदीवर न्यायला कुम्मे यायची, तेव्हा नुकतीच लग्न होऊन गावात आलेली. त्या शुद्धीवर आल्यावर कुम्मे बराच वेळ त्यांच्या केसांतून हात फिरवत बसली होती. ही मुलगी उगाच का एवढी माया करते, असं त्यांना वाटलं होतं. माडिया भाषा त्यांना तेव्हा येत नव्हती, आणि येऊ लागल्यावर विचारायचं सुचलं नाही.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "यंत्र बरोबर असेल. शर्वरीच्या आधी माझं एक पडलं होतं. एकोणीसमध्ये. तापात."

शर्वरी चमकली. "कधी सांगितलं नाहीस, आई?"

"सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

डॉक्टर क्षणभर उजळले, मग पट्टीकडे पाहून त्यांनी मान हलवली. "असं असतं तर प्रश्नच मिटला असता. पण मग दोन थर दिसायला हवेत. एकवीसमध्येही तुमच्या वारेत परजीवी होते, काचपट्टी खच्चून भरलेली होती. तो थर तर आधीच्यापेक्षा जाड बसतो. इथं एकच आहे." त्यांनी सावकाश विचारलं, "आजी, एकवीसची काचपट्टी नक्की तुमचीच ना?"

बावीस वर्षं पोटाशी धरून, पंचवीस वर्षं दुरून, अशी सत्तेचाळीस वर्षं जिला आपली म्हटलं ती समोर बसली होती. काचपट्टी आपलीच आहे म्हटलं, की शर्वरी आपली राहणार होती, आणि तिची मुलगी चार दिवसांत जाणार होती. प्रणिताबाईंना त्या क्षणी स्वतःच्या त्या चोख हस्ताक्षराचा राग आला.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझी नाही. कुम्मे पुंगाटीची आहे. मी फक्त नाव लिहिलं."

डॉक्टर हुशार होते, त्यांना पुढचं कळलं आणि त्यांनी नजर पडद्यावर खिळवून ठेवली. शर्वरीला कळायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे मी तिची," ती शेवटी म्हणाली. प्रश्न विचारल्यासारखं नाही, उत्तर तपासल्यासारखं.

"तिचीच. बाळंत झाली आणि गेली. वाचवता नाही आलं, बाई."

"याच तापानं?"

"याच."

"तपासलं नव्हतं तिला?"

"दोनदा तपासलं. बोटाच्या रक्तात सापडला नाही. वारेत लपून बसला होता."

"कोणी तपासलं?"

"मी."

शर्वरी उठली. दाराशी जाऊन थांबली, पाठमोरीच. "नीरजाला आज सुरू करता येईल?" तिनं डॉक्टरांना विचारलं. कागद दुरुस्त झाला की लगेच पेशी वाढवायला घालू, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती मुलीच्या वॉर्डकडे निघून गेली. आईकडे तिनं पाहिलं नाही. पुढं कधी पाहील, पाहील की नाही, हे यंत्राला सांगता येण्यासारखं नव्हतं.

डॉक्टरांनी पडद्यावर नवा अर्ज उघडला. एकवीसची नोंद रद्द. रुग्णाशी रक्ताचं नातं: नाही. तेवढं लिहिताना ते जरा अडखळले. मग एकोणीसचं गरोदरपण आलं.

"किती आठवडे होते, आजी?"

प्रणिताबाई बोटांवर मोजू लागल्या. उपकेंद्रात शेकडो बायकांचे महिने त्यांनी असे मोजून दिले होते, तोंडपाठ. या वेळी दोनदा चुकल्या. "तेरा," त्या म्हणाल्या. "तीन महिने होऊन गेले असतील."

"आणि शेवट? जिवंत जन्म, मृत जन्म, गर्भपात?"

"आईला कळलं नाही, असं लिहा."

"असा पर्याय नाहीये यात," डॉक्टर हळूच म्हणाले.

"मग असेल त्यावर खूण करा."

त्यांनी केली. सीरमसाठी पुन्हा रक्त लागणार होतं, आधीच्यापेक्षा जास्त. प्रणिताबाईंनी बाही वर सरकवली आणि या खेपेला नळीत चढणाऱ्या रक्ताकडे टक लावून पाहिलं. जिला न्हाऊमाखू घातलं, जिच्या दहावीच्या परीक्षेला उन्हात उभ्या राहिल्या, जिचं बाळंतपण केलं, तिची या रक्ताला ओळख नव्हती. आणि जे आलं कधी, गेलं कधी हे त्यांना कळलंही नाही, ते त्यात एकोणपन्नास वर्षं जपून ठेवलेलं होतं. आता तेच नीरजाला वाचवणार होतं. बिननावाचं भावंड म्हणावं, तर शर्वरीचं ते कोणी लागतही नव्हतं.

"तीन दिवस लागतील सीरमला," डॉक्टर कापूस दाबून धरत म्हणाले. "तोवर तुम्ही घरी जाऊन आराम करा. इथं थांबून काही उपयोग नाही."

"नाही. थांबतो मी."

त्या बाहेर येऊन बाकावर बसल्या. समोर वॉर्डचं दार होतं, आत शर्वरीचा आवाज ऐकू येत होता, पण त्यांनी दार ढकललं नाही. जितक्या महिन्यांचा गर्भ जातो तितक्या दिवसांचं आईला सुतक, असं त्यांची सासू सांगायची. शर्वरीच्या शाळेतल्या एका बाईंनी डबा पाठवला होता, वर शिऱ्याची वाटी होती. तेवढी वाटी त्यांनी शेजारच्या बाईला दिली आणि पदर डोक्यावर घेऊन, कोणाला न सांगता, तीन दिवस सुतकात बसल्या.